तीन बादल्यांचा तवा

सातवीण फुलली की मला मळमळायला लागतं. चंदिगडमध्ये ऑक्टोबर लागल्याचं कॅलेंडरआधी हे झाड सांगतं. आमच्या सेक्टरच्या दोन्ही रस्त्यांना ओळीनं सातवीणच आहे. संध्याकाळचं ऊन उतरलं की तो जड, गोड, चिकट वास खिडकीतून आत येतो आणि पडद्यांत, उशांत, केसांत बसून राहतो. शेजारच्या आंटीजी गॅलरीत उभ्या राहून लांब श्वास घेतात आणि मला ओरडून सांगतात, "वर्षाजी, बाहर आओ, कितनी सोहणी खुशबू है!" मी हसते, हात हलवते आणि खिडकी लावून घेते. आमच्या यांना वाटतं, मला ॲलर्जी आहे. दरवर्षी न विसरता गोळ्यांची पट्टी आणून ठेवतात बिचारे. मी ती ड्रॉवरमध्ये टाकून देते. ॲलर्जीबिलर्जी काही नाही. मला किळस येते, आणि ती फुलांची येत नाही.

परवा त्या वासातच बत्राजींचा मेसेज आला. बत्राजी म्हणजे खरड गावाच्या पुढे हायवेला लागून जो मोठा पार्क आहे, पाळण्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा, त्याचे मॅनेजर. सहा वर्षांत त्यांनी माझी आठवण काढली नव्हती. "नमस्ते मॅडम, सीज़न आ गया. नए बोर्ड बनवाने हैं. आप जैसी हिंदी कोई नहीं लिखता जी." खाली एक तक्ता होता. त्यात सगळ्या पाळण्यांची नावं, प्रत्येकाचा जुना वर्ग आणि नवा वर्ग. मी बोटानं तक्ता वर सरकवत गेले. सातव्या ओळीवर बोट थांबलं आणि तोंडाला पाणी सुटलं. भुकेनं सुटतं ते नव्हे, उलटी व्हायच्या आधी जिभेखाली जमतं ते.

आम्ही मूळचे परभणीचे. यांची नोकरी बदलीची, सरकारी कंपनीतली, त्यामुळे दहा-अकरा वर्षांपूर्वी इथं आलो. माझं हिंदीत एम.ए. झालेलं. इथं आल्यावर घरबसल्या भाषांतराची कामं घ्यायला लागले. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, मिक्सरची माहितीपत्रकं, शाळांची नियमावली. कुणीतरी बत्राजींना माझं नाव सांगितलं. पार्क तेव्हा नवाकोरा होता. प्रत्येक पाळण्यासमोर लावायच्या पाट्यांचा मजकूर मी इंग्रजीवरून हिंदीत करायचा, असं काम होतं. मला ते भलतंच आवडलं. मिक्सरच्या पात्याबद्दल लिहिण्यापेक्षा आकाशात उडणाऱ्या होडीबद्दल लिहिणं कुणालाही आवडेल.

तीन वर्ग होते आणि त्यांचे तीन रंग. हिरवी पाटी पारिवारिक, पिवळी रोमांचक, लाल अति रोमांचक. शब्द माझे. पाळणे कुठल्या वर्गात घालायचे ते मशीन बनवणाऱ्यांनी पाठवलेल्या कागदांवरून ठरलं होतं. त्यात एक मशीन होतं. भलीमोठी गोल थाळी, तिच्या काठाला बाहेर तोंड करून बसायची आसनं. ती थाळी एका वाकड्या रुळावरून इकडून तिकडे झोकांड्या खात जायची आणि जाता जाता स्वतःभोवतीही गरगरायची. कागदावर त्याचं नाव ग्रहताऱ्यांचं होतं. पार्कमधली सगळी माणसं त्याला 'तवा' म्हणत. पहिल्या वर्षी तव्याची पाटी लाल होती. मी तिच्यावर लिहिलं होतं, की हृदयविकार, मानेचा त्रास, चक्कर येणं असे विकार असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि वृद्धांनी यावर बसू नये. ही ओळ मी तीनदा वाचून बिनचूक केली होती.

दुसऱ्या वर्षी पार्कमध्ये एक उंच मनोरा आला. माणसांना सरळ वर नेऊन खाली सोडून द्यायचा. मनोऱ्याला लाल पाटी मिळाली आणि तवा पिवळ्यात आला. मी विचारलं, "बत्राजी, मशीन में कुछ बदलाव किया क्या?" ते हसले. "नहीं मॅडम, मशीन वही है. बस कॅटेगरी अपडेट करनी है." मला ते पटलंसुद्धा. नवा मोठा आला की जुना लहान दिसतो, एवढं साधं. घरात दुसरं मूल झालं की पहिलं एका दिवसात मोठं होतं तसं. तिसऱ्या वर्षी आणखी दोन अक्राळविक्राळ मशीनं आली आणि तवा हिरव्यात गेला. "मॅडम, फॅमिली वालों के लिए हमारे पास आइटम कम पड़ रहे हैं," बत्राजी म्हणाले, "और इतने साल से चल रहा है, कुछ हुआ क्या किसी को?" त्या वर्षीच्या तक्त्यात ती वृद्धांची ओळ नव्हती. मी पाहिलं होतं की ती नाही. ती आपोआप गळली नव्हती, काढली होती, हेही मला कळलं होतं. मी विचारलं नाही. उलट त्यांनी हिरव्या पाटीसाठी जरा गोड वाक्य मागितलं, तर मी दोन मिनिटांत दिलं. 'तीन पीढ़ियाँ, एक झूला, ढेर सारी हँसी.' बत्राजींनी फोनवर वाहवा केली. मी दिवसभर खूश होते. आता ते वाक्य आठवलं की आपलीच जीभ साबणानं धुवावीशी वाटते.

वर्ग म्हणजे काय, हे मला लहानपणी उरुसातल्या पाळणेवाल्यानं दाखवलं होतं. त्याचा पाळणा लाकडी, हातानं फिरवायचा, चार डब्यांचा. त्याच्याकडे पाटी नव्हती. तो प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघायचा. "तू बस. तू बस. तू नको बाळा, पुढच्या साली ये." एकदा माझ्याकडे त्यानं जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, भजी. म्हणाला, "मग आधी फिरून ये उरूस." मी रडले, रागावले, फिरून आले. तो माणूस पाळण्याला वर्ग देत नव्हता. पाळण्यात बसणाऱ्याकडे बघत होता, आणि रोज नव्यानं बघत होता. मला त्या वयात तो दुष्ट वाटला होता.

पार्कमध्येही एक असं बघणारं माणूस होतं. कमलेश. हरियाणातल्या कुठल्याशा गावची, माझ्याच वयाची, निळा कोट घालून पाळण्यांच्या चौथऱ्यांची सफाई करणारी. पाट्या बरोबर जागी लावल्यात का ते बघायला मी जायची, तेव्हा तिची ओळख झाली. तिला वाचता येत नव्हतं. एकदा लाल पाटीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "दीदी, इसपे क्या लिखा है?" मी सांगितलं, हा मनोरा सगळ्यात जास्त भीतिदायक आहे. ती मोठ्यांदा हसली. "ये? ये तो आधी बाल्टी का है." मला कळेना. मग तिनं समजावलं. गर्दीच्या दिवशी एक फेरी झाली की चौथरा धुवायला किती बादल्या पाणी लागतं, त्यावरून तिचे पाळणे ओळखायचे. लाकडी घोडे, शून्य. छोटी आगगाडी, शून्य, पण पोरं आइस्क्रीम सांडतात. होडी, दोन. मनोरा, आधी, म्हणजे अर्धी. "डर से गला सूख जाता है दीदी, निकलता कुछ नहीं." आणि तवा? तिनं नाक मुरडून तीन बोटं दाखवली. "ये चलते-चलते फैलाता है. तीन से कम में साफ ही नहीं होता."

मी घरी येऊन हा किस्सा जेवताना सांगितला आणि आम्ही हसून लोळलो. पाट्यांचे रंग दरवर्षी बदलत होते. कमलेशच्या बादल्या कधी बदलल्या नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. हसण्यावारी नेलं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दर दोन वर्षांनी दुकानदारानं आपली वजनं तपासून घ्यायची आणि त्यांच्यावर नवा शिक्का मारून घ्यायचा, असा नियम. बाबा म्हणायचे, "वजनसुद्धा झिजतं, वर्षा. हाताळून हाताळून झिजतं. त्यात दुकानदाराचा दोष नसतो." पण काही वजनं झिजलेली नसायची, खालून पोखरलेली असायची. बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत. वजन तळहातावर घ्यायचे, दुकानदाराकडे बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हे तुला कधीपासून माहीत होतं?" शाळेच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची, तेव्हा हे कितीदा तरी बघितलंय. ज्याचं वजन नुसतं झिजलेलं असे तो गडबडून म्हणायचा, आत्ताच कळलं साहेब. ज्यानं पोखरलेलं असे तो खाली बघायचा. बाबांना दुसरा पुरावा लागायचा नाही.

अशा माणसाचा छापलेल्या, शिक्का मारलेल्या गोष्टीवर फार विश्वास असतो. औषधाच्या बाटलीवर दोन चमचे लिहिलंय ना, मग दोनच. बसच्या दारावर 'मागून चढा' लिहिलंय ना, मग समोर बस रिकामी असली तरी मागून. आई थट्टा करायची, की यांना लग्नात माझ्यावर शिक्का सापडला नाही म्हणून हे दोन वर्षं घाबरून होते.

आई गेली त्या वर्षी बाबा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले. ऑक्टोबरमध्येच. तो ऋतू मला तासातासानं आठवतो. बाबा तेव्हा सहासष्टचे, ताठ, पांढरे केस चापून बसवलेले. येताना धान्याची पोतडी आणली होती, ज्वारीचं पीठ, हुरड्याची चटणी. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून एकटे सुखना तलावाला जायला लागले. पूर्ण लांबी चालून, परत येताना कुणातरी सरदारजींशी मोडक्या हिंदीत गप्पा मारून, घरी येऊन मला सांगायचे, "तुमच्या इथली हवा लै चांगली आहे बरं का. दहा वर्षं कमी झाल्यागत वाटायलंय." सातविणीचा वास त्यांना आवडायचा. फुलांचे झुबके उचलून आणून आईच्या फोटोपुढे ठेवायचे. मीही तेव्हा तो वास आनंदानं घ्यायची. बायको गेलेला माणूस पुन्हा जगण्यात रमतोय, हे बघून मला रोज सकाळी चहा गाळताना बरं वाटायचं.

इरा, माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. बाबा मराठीत विचारायचे, ती हिंदीत सांगायची, दोघांचं मस्त जमलं होतं. तिनंच हट्ट धरला. "नानाजी को झूले दिखाने हैं. मम्मी ने बोर्ड लिखे हैं वहाँ!" मग एका रविवारी आम्ही चौघं पार्कला गेलो.

तिथला तो दिवस. शिळ्या तेलात तळलेले भटुरे, फिनेल, ओली लाकडं, गुलाबी कापसाची साखर आणि या सगळ्यावर कर्कश गाणी. बाबा प्रत्येक पाळण्यापुढे थांबून माझी पाटी वाचत होते. अगदी सावकाश, ओठ हलवत. "एक चूक नाही," म्हणाले. "सरकारी पाट्यांवर सुद्धा एवढं शुद्ध नसतं." शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी हिंदीत सांगितलं, "ये सब हमारी लड़की ने लिखा है." मी लाजले. मला छान वाटत होतं, हे कबूल केलंच पाहिजे. मोठं झाल्यावर बापाकडून शाबासकी मिळायचे दिवस फार येत नाहीत.

तव्यापाशी आल्यावर त्यांनी हिरवी पाटी वाचली. 'तीन पीढ़ियाँ, एक झूला, ढेर सारी हँसी.' थांबून पुन्हा वाचली. मग चष्मा काढून खिशात ठेवला. "चला. हा आपला आहे."

"नानाजी, पक्का?" इरा नाचायला लागली.

"पक्का. तुझ्या आईनं लिहिलंय की."

तेवढ्यात कमलेश बादली घेऊन शेजारून गेली. तिनं बाबांकडे बघितलं, उरुसातला पाळणेवाला बघायचा तसं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दीदी, अंकलजी को तवे पे मत बिठाना. तीन बाल्टी है ये. पता है ना आपको?"

मला पता होतं. बाबा चार पावलांवर रांगेत उभे होते. मी त्यांना हाक मारून थांबवायचं तर का थांबवायचं हे सांगावं लागलं असतं. पाटी खोटी आहे, बाबा. मशीन तेच आहे, फक्त रंग बदललाय. ती वृद्धांची ओळ काढलेली मला दिसली होती. आणि 'तीन पीढ़ियाँ' मी लिहिलंय, खोटं माहीत असताना. आत्ता कुठे पाच मिनिटांपूर्वी त्यांनी अनोळखी माणसाला सांगितलं होतं, हमारी लड़की. मी कमलेशला म्हटलं, "उनकी तबीयत अच्छी है. रोज़ सुखना जाते हैं." ती खांदे उडवून निघून गेली. मी इराला मात्र म्हटलं, तू माझ्याजवळ थांब, तुझं पोट भरलेलं आहे. पोरीला वाचवलं आणि बापाला चढू दिलं. याहून ओंगळ हिशेब मी आयुष्यात केला नसेल.

फेरी दोन मिनिटांची असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात बाबा हसत होते, हात हलवत होते. मग थाळी गरगरायला लागली. ते एकदा समोरून गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. पुन्हा आले तेव्हा तोंड उघडं होतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या शर्टावर, शेजारच्या बाईच्या ओढणीवर, दांड्यावर सगळीकडे ते पसरलेलं होतं. आमचे हे "रोको, रोको" म्हणून ओरडायला लागले. यंत्र चालवणाऱ्यानं हातानं 'हो गया, हो गया' अशी खूण केली आणि फेरी पुरी झाल्यावरच थांबवलं. त्या फेरीत आणखी चार-पाच जणांना उलट्या झाल्या. एक तरुण सरदार मुलगा कठड्याला धरून ओकत होता, दोन बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या. बाबांनी त्यांतलं काहीच पाहिलं नाही. त्यांना खाली उतरवून चौथऱ्याच्या पायरीवर बसवलं, तेव्हापासून त्यांनी मान वर केली नाही. पँट ओली झाली होती. ती उलटीनं ओली झाली नव्हती. हे त्यांना कळलं होतं आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. कमलेश बादल्या आणून ओतत राहिली. पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं. ते फक्त त्या पाण्याकडे बघत होते.

मी म्हणू शकले असते, "बाबा, वर बघा. सगळ्यांचंच असं झालंय." तेवढ्या एका वाक्यानं काम झालं असतं. पण मग त्यांनी पाटीकडे बघितलं असतं.

गाडीत बसल्यावर, आमच्या यांचा शर्ट अंगात घालून, ते पहिल्यांदा बोलले. "पाटी बरोबर आहे. माझंच आता काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी ते तलावावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. "चक्कर आली तर?" म्हणाले. जिना उतरताना कठडा धरायला लागले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे सांगितलं, तर डॉक्टरांपुढे हो हो केलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "बाकीच्या घरच्या लोकांना चालतंय, लेकराबाळांना चालतंय, तिथं मला चालंना. मग आता ओळखायचं." दोन महिने राहायचं ठरलं होतं, दिवाळी झाल्याबरोबर परभणीला गेले. पुढच्या वर्षी भाऊबिजेला मी गेले तर दाराआड काठी टेकवलेली होती. मी बघतेय बघून म्हणाले, "असू दे. लागत नाही तशी. पण असू दे." तेव्हापासून ते एकटे कुठंही जात नाहीत. चंदिगडला तर पुन्हा आलेच नाहीत.

मला सगळ्यात किळस कशाची येते, तर पुढच्या गोष्टीची. त्याच्या पुढच्या वर्षीही मी पार्कच्या पाट्या लिहिल्या. तवा हिरव्यातच होता. वाक्य तेच ठेवा म्हणाले, मी ठेवलं. मग ते काम आपोआप दुसरीकडे गेलं. मी सोडलं असं सांगायला मला आवडलं असतं.

आता इरा पंधराची आहे. तिच्या मैत्रिणींसाठी जगातली प्रत्येक गोष्ट एक ते दहात बसते. पार्क, पिझ्झा, मास्तर, मुलगे, आयासुद्धा. मोबाइलवर कुठली कुठली पोरं जगभरच्या पाळण्यांच्या याद्या करतात, मागल्या वर्षी पहिला होता तो यंदा नववा. मी एकदा तिला विचारलं, "तू त्यात बसली आहेस का?" ती म्हणाली, "मम्मी, बैठना थोड़ी ज़रूरी है." मी बोलायची कोण? तिच्या आईनं न बसताच पाट्या रंगवल्या होत्या.

तर परवाचा तक्ता. सातवी ओळ. तवा हिरव्यातूनही खाली उतरला होता. यंदा त्यांनी एक नवाच वर्ग काढलाय, फिकट निळ्या रंगाचा. दादा-दादी, नाना-नानी यांच्यासाठी खास कोपरा. घोडे, छोटी आगगाडी आणि तवा. बत्राजींनी लिहिलं होतं, "मॅडम, इसका कोई प्यारा-सा हिंदी नाम दीजिए. बुजुर्गों का दिल खुश हो जाए."

मी रविवारी बसनं पार्कला गेले. तवा होता, तसाच. हिरव्या पाटीचा रंग उडालेला, 'हँसी' शब्दावर कुणीतरी च्युइंगगम चिकटवलेलं. निळ्या कोटातली कमलेश लांबूनच ओळखू आली, केस पिकले होते. मी विचारलं, "तवा अब कितने का है?" तिनं मला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. "तीन. पहले भी तीन, अब भी तीन. ये क्या घिस के दो हो जाएगा?" मग तिनं हातातलं फडकं पिळलं. "वो अंकलजी ठीक हैं ना? उस दिन बहुत शर्मिंदा हो गए थे बेचारे."

सात वर्षांत तिनं हजारो माणसांखालचं धुतलं असेल. तिला माझे बाबा आठवत होते.

घरी येऊन मी बत्राजींना लिहिलं की ही पाटी मी लिहिणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यावर कृपा करून बसवू नका, मशीनवाल्यांच्या पहिल्या कागदातच तसं लिहिलेलं होतं. पाच मिनिटांत उत्तर आलं. जोडलेले हात, आणि "कोई बात नहीं मॅडम, किसी और से करवा लेंगे." म्हणजे निळी पाटी लागणार. कुणीतरी माझ्यासारखंच एखादं छानसं वाक्य देणार. मी फोन उलटा ठेवला. नकार देऊन हलकं वाटेल असं वाटलं होतं, काही वाटलं नाही. खिडकी बंद होती तरी तो वास आत होताच. मग मी फोन पुन्हा उचलला आणि परभणीला लावला.

"बोल वर्षा. काय करायलीस?" बाबांचा आवाज. मागं टीव्हीवर बातम्या.

"बाबा, टीव्ही बंद करा जरा."

त्यांनी केला. मी सगळं सांगितलं. लाल, पिवळं, हिरवं. मशीन तेच होतं ते. काढलेली ओळ. माझं वाक्य. कमलेशच्या बादल्या, घोडे शून्य, मनोरा अर्धी, तवा तीन. तिनं मला आधी सांगितलं होतं तेही. त्या फेरीत चार-पाच जणांना त्रास झाला होता तेही.

मग त्यांनी विचारलं. आवाज न चढवता, बाजारात विचारायचे तसं.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?"

समोर कुणी नसताना मी खाली बघितलं.

"तुम्ही बसायच्या आधीपासून, बाबा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनीच आधी विचारलं, "तीन म्हणालीस ना? ती बाई. तीन?"

"हो. तीन. दरवेळी तीन."

"मी मोजल्या होत्या," बाबा म्हणाले. "खाली बघत बसलो होतो ना, तेव्हा मोजल्या. तीनच टाकल्या तिनं." ते थांबले. "मला वाटलं, त्या तिन्ही माझ्या एकट्याच्या."